मानेचं माप

मानेच्या डाव्या अंगाला, कॉलर जिथे टेकते,
तिथे ती उगवली. कधी, ते नाही सांगता येणार.
चामखीळ म्हणा, मस म्हणा.
घरात तिला "तुमची तांदळाची कणी" म्हणायचे.
माझी काही तक्रार नव्हती.
शिंप्याच्या अंगाला काहीबाही लोंबतंच,
दोरा, चिंधी, एखादी टाचणी.

पण गळ्यात टेप असतो दिवसभर.
म्हापशात, खोर्लीच्या चढणीवर, एकतीस वर्षं.
शटर वर गेलं की गळ्यात, शटर खाली आलं की खुंटीला.
त्याची कड सरकते, अडते, ओढते.
आधी नुसतं चुरचुरायचं.
मग आल्दाबायच्या धाकटीचा गाऊन आला,
पांढरं सॅटिन, इगर्जीतलं लग्न सहा दिवसांवर.
मी घेर टाचायला वाकलो, टेप खेचला गेला,
आणि गुडघ्याशी, मण्यांच्या ओळीखाली,
एक ठिपका.
लाल.

"रोहिदास, किदें जालें?" आल्दाबाय दारातून.
"कांय ना, बाय."
आपलं रक्त आपल्याच थुंकीने निघतं,
हे फक्त आमच्या धंद्यातल्यांना माहीत.
तरी पुसट राहिलाच.
तिथे आता एक मणी जास्त आहे.

डॉक्टर कंटकांनी दहा मिनिटांत जाळून काढली.
टेरिकॉटवर इस्त्री विसरावी तसा वास.
बाटलीत घालून तपासायला पाठवली,
अहवालात एकच शब्द मला कळला: निरुपद्रवी.
बायकोने देवापुढे साखर ठेवली.
तोच शब्द पुढे माझ्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला.

बिल चार हजार सहाशे.
विमा आहे, मी म्हटलं. नऊ वर्षं हप्ता चुकला नाही,
टाळेबंदीतला तर मास्क शिवून भरलाय.

उत्तर आलं:
"सदर उपचार सौंदर्यवर्धक स्वरूपाचा असल्याने
दावा अग्राह्य."

दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
अहो, सौंदर्य हा माझा धंदा आहे.
झालर म्हणजे सौंदर्य. बाहीचा फुगा,
पाठीवरचं लटकन, जे बसताना टोचतं
तरी लावून मागतात, ते सौंदर्य.
काखेत उसवलं म्हणून टीप मारून देतो
तिचे कधी झालरीचे पैसे लावले नाहीत मी.

फोनवर एक मुलगी होती, आर्या की आद्या.
"काका, आकार किती होता?"
"दोन सूत."
"मिलिमीटरमध्ये?"
"सहा. साडेसहा धरा, शिलाई सोडून."
हसली. मग आवाज एकदम उतरवून,
मागे कुणी उभं असल्यासारखी, म्हणाली,
"रक्त यायचं, असं डॉक्टरांकडून लिहून आणा.
वारंवार, हा शब्द हवा. आणि कामामुळे."

कंटकांनी लिहिलं. शिक्का तिरका बसला.
सोबत मी टेपाचा फोटो जोडला, कुणी मागितला नव्हता.
सव्वीस आणि सत्तावीसच्या मधे तपकिरी डाग.
तरण्या मुलींची कंबर तिथेच भरते,
त्या विचारतात, चहा सांडला काय?

सात आठवड्यांनी दोन हजार नऊशे दहा जमा झाले.
हातमोजे वगळले. कापूस वगळला. नोंदणी वगळली.
वाद घातला नाही. कातर चालली
की कापड थोडं कमी भरणारच.

मान आता गुळगुळीत आहे.
टेप कुठे अडत नाही, म्हणून राहतही नाही.
परवा गिऱ्हाइकाच्या पायावरच पडला,
काल मशीनखाली, अर्धा तास शोधत होतो.
बायको वर न बघता म्हणाली,
"कणी होती तेव्हा सापडायचा तरी."