गोल कंसातले सेकंद

पारोळ्याच्या बाजारात, तांबट गल्लीच्या तोंडाशी
हिलाल आणि सुकलाल पाटलांची गिरणी.
तिथे मी चौदा दिवस रेकॉर्डर ठेवला,
दादरच्या डब्यावर, खाली रुमाल घालून,
पिठाने त्याचं पोट भरू नये म्हणून.

विषय मंजूर झालेला:
दैनंदिन संभाषणातील पाळी आणि विराम.
कोण कधी थांबतं, कोण सुरू होतं, किती वेळाने.
बोललेलं जसंच्या तसं उतरवायचं, खोकल्यासकट.
गप्प बसलेलं गोल कंसात, सेकंदात.
दोघं एकदम बोलले तर चौकटी कंस.
अर्थाचं नंतर बघू, म्हणाले आमचे सर.

"काय टेप करी राह्यनी माय?"
कळण्याचं दळण घेऊन आलेल्या केसरबाई.
तुमचं बोलणं.
(१.४)
"आमना बोलनामा काय शे?"

खरं तर मलाही माहीत नव्हतं.
गिरणी चालू असली की माणसं ओरडतात,
"कितलं व्हयनं?" "काय?" "कितलं, कितलं!"
आणि लाईट गेली की
पट्टा फडफडत थांबतो, जातं थांबतं,
आवाज तेवढा थांबायला विसरतो.
"सून माहेरले निंघी गयी!"
अख्ख्या गल्लीला सांगून बसतं कुणी,
आणि पुढचं वाक्य कुजबुजतं.
हे मी तीनदा नोंदवलं.

तिसऱ्या दिवशी कळलं,
दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत.
अकरा वर्षं.
कारण विचारलं तर हिलालअप्पा चाळणीकडे बघतात,
सुकलालअण्णा म्हणतात, "चा सांगू का?"
गिरणी दोघांची, पाना एक, स्टूल एक.
म्हणून मधे गिऱ्हाईक:
"केसर, त्याले सांग, पट्टा ढिला व्हयना."
"त्याले सांग, पाना त्यानाच खिसामा शे."
केसरबाई तोंड उघडतात
तोवर काम झालेलं असतं.

मी मोजलं.
मित्राला मित्राचं उत्तर: पाव सेकंद.
नळ आला का, या प्रश्नाला नवऱ्याचं: पाऊण.
आणि ह्या अबोल्यात
एकाचं वाक्य संपायच्या आत
दुसऱ्याचा हात पान्यावर.
तक्त्यात रकाना नव्हता, समासात लिहिलं.

दहाव्या दिवशी मी झेरॉक्सला गेले.
रेकॉर्डर चालूच राहिला.
बावीस मिनिटं. लाईट गेलेली, गिऱ्हाईक नाही.
रात्री खोलीवर हेडफोन लावला.
(४१.०)
शिंक.
(१८.५)
मग हिलालअप्पा, अगदी जवळून,
डब्यावर वाकल्यासारखे:
"ओ मशीन. त्याले सांग, ऊनमा बठू नको."
(०.२)
"मशीन, त्याले इचार, बीपीनी गोळी लिधी का."
(०.२)
"सांग त्याले, लिधी."

मशीनने कुणालाच काही सांगितलं नाही.
स्टूल ओढल्याचा आवाज आहे, उन्हातून आत.

सर म्हणाले, हा तुकडा गाळा.
बोलणाऱ्याला यंत्राची जाणीव झाली
की नमुना शुद्ध राहत नाही.
बरोबर आहे. नियम तसाच आहे.
प्रबंधात तो नाही.

माझ्या वहीत आहे, शेवटच्या ओळींसकट.
बाविसाव्या मिनिटाला खटका पडतो, आणि
[लाईट ऊनी]
[लाईट ऊनी]
चौदा दिवसांत त्या दोघांसाठी काढलेले
एवढेच चौकटी कंस.

मग पट्टा. मग जातं.
त्यांच्यापैकी कुणीतरी आणखी काही बोलतं.
वीस वेळा मागे नेऊन ऐकलं मी.
तिथे लिहिलंय:
ऐकू येत नाही, दादर दळली जातेय.