अकरावी कळ

माझ्या पाटावर चोवीस सरकत्या कळा.
पहिल्या सहा ड्रमच्या, सातवी बासची,
अकरावी नुत्साच्या गळ्याची.
तिच्यावर निळी चिकटपट्टी,
अंधारात बोटाला सापडावी म्हणून.

बातुमीचा किनारा, ऑगस्ट, मोबाइल कंपनीचा जलसा.
मालखाझ आला, तिचा मॅनेजर,
सूर्यफुलाच्या बिया फोडत म्हणाला,
"ओतार, गाणं संपवून ती बोलायला लागली
तर अकरावी खाली. पूर्ण खाली.
कितीदा सांगितलं तिला,
निवडणूक होईतो थोडी कळ काढ."

मला पटलं होतं, खोटं कशाला बोलू.
गेल्या वर्षी ती धरणावर बोलली
तेव्हा नदीचं नावच चुकली होती,
आणि दुसऱ्या दिवशी पोरींनी तेच चुकीचं नाव
टी-शर्टवर छापून घेतलं.
माझा मेहुणा बादरी तीस वर्षं
मालगाडीतलं मँगनीज तोलतोय,
त्याला विचारतं का कोणी?
तिचं मत म्हणजे काय, तर
बारा हजार वॉट माझी वीज
आणि तिचं काजळ.

चौथं गाणं संपलं. ती थांबली.
केस कानामागे घेतले. पाणी प्यायली नाही.
"आमच्या गावात," ती म्हणाली,
"जिथे लोक दोरावर टांगलेल्या डब्यातून कामावर जातात…"
आणि माझं बोट, शिकवलेल्या कुत्र्यासारखं,
मी सांगायच्या आत खाली गेलं.

मागच्या पडद्यावर तिचे ओठ हलत राहिले,
दोन मजली.

पुढच्या रांगांनी थोडं ऐकलं असावं.
तिथून वाक्य मागे निघालं, या तोंडातून त्या तोंडात,
आइस्क्रीमवाल्यापाशी पोचलं तोवर
ती म्हणाली होती, खाण बंद करा.
माझ्या मचाणाखाली दोन पोरं हमरीतुमरीवर:
बंद करू नका म्हणाली,
छे, लग्न करतेय म्हणाली.

पण हेडफोन माझ्या कानांवर होते.
कळ खाली असली तरी तिथे सगळं येतं,
हे मालखाझला ठाऊक नाही.

ती म्हणत होती,
"संपाचा आज एकोणिसावा दिवस.
माझ्या बाबाने सुईदोऱ्याने आपले ओठ शिवून घेतलेत.
सोमवारी मी फोन केला. तो ऐकत होता.
मी काय बोलणार, कोंबड्यांबद्दल बोलले,
नव्या गाडीबद्दल बोलले,
पलीकडे नुसता नाकाने श्वास.
मला राजकारण कळत नाही.
कोण बरोबर ते तुम्ही ठरवा.
बोलायची पाळी त्याची होती.
त्याला येत नाही, म्हणून मी."

मग तिने माइकवर नख वाजवलं, टक टक.
"ऐकू येतंय ना?"

आलं. एकट्याला.

मालखाझने लांबून अंगठा दाखवला,
मी अकरावी वर नेली.
पुढचं गाणं प्रेमाचं, नेहमीचंच,
कडव्यात एके ठिकाणी श्वास चोरते ती,
त्या रात्री चोरला नाही, सूर तुटू दिला.
लोकांना वाटलं, भावुक झाली.
हजार मोबाइल पेटले, समुद्र तेवढा काळा राहिला.

रविवारी बादरी जेवायला.
"एक चॅनल म्हणतं हे बोलली, दुसरं म्हणतं ते.
तू तर तिथेच होतास. काय म्हणाली नक्की?
आणि मी म्हणतो, गाणारीने गावं.
आपण बरं, आपलं काम बरं. खोटं आहे का?"

मझियाने खाचापुरी पुढे सरकवली,
मधलं अंडं अजून थरथरत होतं.
मी कडेचा मोठा तुकडा मोडला.
नखात निळ्या पट्टीचा डिंक होता,
दोनदा साबण लावूनही न गेलेला.
तो तुकडा मी तोंडात कोंबला
आणि बराच वेळ
चावत राहिलो.