तिसरी मुलगी

सोहारच्या पाणी-कारखान्यात, रात्रपाळीला,
मीटर वाचतावाचता मी एक भाषा केली.
आधी आई. तिच्यात गोड्या पाण्याला कळंबु.
मग दोन मुली.
किनाऱ्यावरचीनं ळ चा व केला, शेवटचा स्वर गिळला:
कवंब.
डोंगराकडची घशातून बोलते, खरंबु.
साधा क तिला येतच नाही.

ह्या घराण्यात क्रियापदाला काळ नाही, अंतर आहे.
हाताशी घडलं तर -से.
समुद्रापलीकडे घडलं तर -सो.
दादा वारले, हे मी -सो लावून लिहून पाहिलं.
व्याकरणात चूक नव्हती.

सात नंबरच्या टाकीला कान लावला की
अजून एक व्यंजन ऐकू येतं,
त्याला अक्षर सापडलेलं नाही.

सकाळी घरी आलो. चारुता, वय पाच, जन्म इथलाच,
फ्रिजवरच्या घडाकडे बोट करून:
"बाबा, केलं दे."
केळं गं, म्हणणार होतो. ळ. जीभ मागे वळव, अशी.
तिनं तोवर सोलायलाही घेतलं.

बूट पायातच होते.
वही उघडली, नवं पान,
आणि वर लिहिलं
कलंबु.