रिकामी ट्रॉली

उपकेंद्राची भिंत आणि डांबरी रस्ता
यांच्यात एक कडुनिंब आहे, बस.
मैना कुमरेच्या पोटावर मी नळी टेकवते,
घड्याळ धरते,
सतरा, अठरा, एकोणीस
आणि हिंगणघाटहून रिकामी ट्रॉली येते.
गतिरोधकावर फाळका आपटतो,
साखळी, पिन, पत्रा, सगळं एकदम.
मी पुन्हा एकपासून.

जाताना कापूस असतो.
जाताना ती काही बोलत नाही,
गादीसारखी निघून जाते जिनिंगकडे.
येताना हाडंन् हाडं वाजतात तिची.
हे कळायला मला तीन हंगाम लागले,
तोवर मी ड्रायव्हरांनाच शिव्या देत होते.

फाट्यावर रज्जाक मिस्त्रीकडे गेले.
डाव्या कानानं त्याला ऐकू येत नाही.
त्यानं पेचकसाचं टोक इंजिनाला लावलं,
मूठ उजव्या कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटले.
मीही अशीच बसते,
हे त्याला सांगितलं नाही.
"आवाज म्हंजे काय जी बाई,
दोन वस्तू एकमेकीले सोडून राह्यल्या,
पन पुऱ्या सुटल्या नाई."

मग त्यानं जुन्या ट्यूबा कापल्या,
फाळक्याच्या कडांना रबर,
साखळीला पोतं,
पिनीत वॉशर, वरून ग्रीस.
बारा ट्रॉल्या. वीस रुपये आणि एक चहा, दर ट्रॉलीला.
देवतळ्यांच्या पोरानं नाही करून घेतलं.
आवाजाबिगर ट्रॅक्टर चालल्यावानी वाटत नाही, म्हणे.

राहिला गतिरोधक.
तो मीच मागितला होता, दोन अर्ज करून,
गाड्या हळू जाव्यात म्हणून.
हळू कोणीच झालं नाही,
सगळे नुसते आदळत राहिले माझ्या दारात.
तिसरा अर्ज लिहिला: काढा.
सरपंच म्हणाले, "बाई, तुमचं नक्की काय हाय?"
आता तो गोदामापाशी आहे, वळणाच्या अलीकडे,
जिथं तसंही ब्रेक दाबावाच लागतो.

मैनाला नववा लागलाय.
बाहेर फाळका रबरावर बसतो,
धप्,
कोणी दुलई टाकावी तसा.
कडुनिंबावर होले घुमतात.
ते इथं आधीपासून होते का, कोण जाणे.
चौतीस, पस्तीस, छत्तीस,
पंधरा सेकंद. ठीक.

पुन्हा एकदा मोजावं म्हणून नळी टेकवते
तर मैना माझं मनगट धरते:
"थांबा जी. देवतळ्याचा येऊन राह्यला.
याले त्याचा आवाज समजते,
आता लाथ मारते पाहा."