मंगळवार, सहा ते आठ

ग्रिम्सबीच्या वाचनालयाखाली तळघर आहे.
हीटर चालू असतो, म्हणजे आवाज तरी करतो.
डोरीन हेसलवुड फळ्यावर लिहिते: निर्धार.
तीस वर्षं कॉडचे काटे काढलेली बोटं
मार्करसुद्धा सुरीसारखा धरतात.

पहिला वाक्प्रचार, गोळी दातांत धरणे.
पूर्वी भूल नसायची, ती सांगते,
शिपायाच्या तोंडात गोळी द्यायचे आणि पाय कापायचे.
तेस्फालेम पँट गुडघ्यापर्यंत वर घेतो.
माझी इथे आहे, म्हणतो. दातांत नाही.
वर्ग हसतो, तोही हसतो,
डोरीन फळा पुसते.

दुसरा, आपल्या तोफांना चिकटून राहणे.
हनादी वही मिटते.
मी तोफांपासून पळून आले मिस,
आता चिकटून काय राहू?
डोरीन चष्मा काढून नाकाचा शेंडा चोळते.
ही भाषा शिपायांनी आणि खलाशांनी केली, पोरी,
मला विचारून नाही.

तिसरा सोपा: टाचा रोवणे.
रात्रपाळीहून थेट आलेली जुराते
खुर्चीखाली खरोखरच टाचा रोवून दाखवते
आणि तशीच झोपी जाते.

माझ्याकडे चहाचं काम.
किटली उकळेपर्यंत मी मनात जुळवत राहते:
यांच्या दातांत गोळी, आमच्या हातात विडा,
काही ठरवायचं तर माणसाला
तोंडात काहीतरी लागतंच.
मग कंबर कसणं, पदर खोचणं,
आणि एवढं सगळं करायला वेळ नसेल तर
नुसता एक च.
येईन. येणारच.
दाराला आतून घातलेली कडी.
पण तो इथे कुणाला द्यायचा?
किटलीला दिला. तीही उकळलीच.

चौथा, नरक येवो वा भरतीचं पाणी.
डोरीन अर्धा लिहून थांबते.
तेस्फालेमचा हात वर.
आधी कुठलं?
म्हणजे?
नरक आधी की पाणी? माझ्या वेळी नरक आधी होता.
मागून कोणीतरी म्हणतं, माझ्याही.

ती बसते. इतक्या महिन्यांत
वर्ग चालू असताना ती बसलेली मी पाहिली नव्हती.
माझा भाऊ गेला, म्हणते, ट्रॉलरसकट.
आईने वर्षभर त्याचं ताट मांडलं,
बटाटे गार झाले की कुत्र्याला,
दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम बटाटे.
त्याला कुठला वाक्प्रचार आहे, मला ठाऊक नाही.

हनादी तेवढं मात्र लिहून घेते,
उजवीकडून डावीकडे.

आठ वाजता रखवालदार किल्ल्या वाजवत येतो,
नगरपालिकेचं पत्र देतो, जरा ओशाळून.
एप्रिलपासून तळघर बंद. खर्च. खेद.
डोरीन पत्र एकदा वाचते,
त्याची चौपदरी घडी घालते
आणि खाली वाकून, गुडघे कुरकुरत,
डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारते.
टेबल हलवून बघते.
हं.

पुढच्या मंगळवारी भाज्यांची नावं.
जुरातेला उठवा कोणीतरी.