मुरमुऱ्याला पाणी कळलं पाहिजे

उदगीर आगारात सव्वीस वर्षं
मी इंजिनं उघडली आणि मिटली.
कोणता नट किती आवळायचा
हे मनगटालाच ठाऊक असायचं.
आता लातुरात, जिन्याखालच्या खोलीत,
पहाटे साडेचारला
चिमूटभर मीठ म्हणजे नेमकं किती
ते कळत नाही.

गिरिजा डॉक्टर व्हायचं म्हणते.
तिची आई अंगणवाडीत,
बत्तीस लेकरांची उसळ तिच्या पळीवर,
तिला रजा नाही.
मला मिळाली. बिनपगारी.
म्हणून मी आलो,
एक शेगडी, तवा, परात
आणि ज्वारीचं अर्धं पोतं घेऊन.

पहिल्या दिवशी सुसला करायला घेतला.
मुरमुरे बादलीत टाकले नि आंघोळीला गेलो.
नळाला दहा दिवसांनी पाणी आलेलं,
अंगावरून तांब्या हटेना.
येऊन बघतो तर लगदा.
फोनवर महानंदा हसली नाही, हेच नशीब:
"अवं, धुणं भिजवायलाव का?
पाणी दाखवा नि काढा.
मुरमुऱ्याला नुसतं कळलं पाहिजे,
की पाणी हाय."

टाकून देववेना.
लगद्यात ज्वारीचं पीठ घातलं, मूठभर बेसन,
तीळ, ओवा, लसूण-मिरचीचा ठेचा.
ओल्या फडक्यावर थापलं,
मधोमध बोटानं भोक पाडलं,
वॉशरसारखं,
आणि तव्यावर सोडलं.
एक बाजू जळली.
पुस्तकातून डोकं न काढता
गिरिजानं दोन संपवले.
"काय आहे हे?"
"धपाटं," मी म्हणालो.
खोटं नव्हतं ते,
पण आगाराच्या भाषेत सांगायचं तर
गाडी ढकलून चालू केली होती.

आता बरं जमतं.
डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्यात,
सुट्या भागांच्या खणांना असायच्या तशा.
लाह्या. फुटाणे. जवस. कारळ.
शेंगदाणे भाजतो, चोळतो,
सुपात पाखडताना अर्धी टरफलं माझ्याच मिशीवर.
गुळात कुटून लाडू वळतो,
आणि लाडू वळता वळता कळतं
की तिची मूठ आता केवढी झालीय
ते मी कधी पाहिलंच नाही.

वरच्या खोलीतला फैजान, देगलूरचा,
पाच रुपयांच्या बिस्किटांवर दुपार काढायचा.
बिस्कीट तुटून चहात बुडायचं
आणि तो कपात बघत बसायचा,
विहिरीत घागर पडल्यासारखा.
हल्ली फोडणी बसली की तो जिन्यावर रेंगाळतो,
वही घेऊन, शंका विचारायला.
भौतिकशास्त्राची. मला!
मी त्याला पिस्टन समजावतो
आणि सुसल्याची ताटली पुढं करतो.
दोन्ही त्याला पचतं.

परवा चाचणीत गिरिजाचे तीस गुण घसरले.
ती बोलली नाही. मीही नाही.
रात्रीची भाकरी कुस्करून
दही, कांदा, वरून जिऱ्याची फोडणी,
असा काला समोर ठेवला.
तिनं तो बाजूला सरकवला.
बराच वेळ टोपल्यातल्या भाकरीकडे बघत राहिली.
मग तिचा एक कोरडा तुकडा मोडून
माझ्यासमोर धरला.
"बाबा, हा चावा. गिळू नका.
लाळेत विकर असतं, पिष्टाची साखर होते.
चारदा पाठ केलंय मी,
करून कधी बघितलं नाही."

सव्वीस वर्षं मी डबा उभ्यानं खाल्ला,
गाडी सुटायच्या आत.
आता मांडी घालून चावतोय.
वीस. तीस.
तिनंही तुकडा घेतलाय,
एक गाल फुगलेला,
बालवाडीत जाताना असायचा तसा.
तव्यावर काहीतरी करपायला लागलंय.
कुणी उठत नाही.
"झालं का गोड?"
मी हात वर करतो. थांब.
येतंय.