द्राक्षांच्या साली

जॅमच्या बरणीत लघवी घेऊन आला ओमुरझाक.
बरणी रुमालात, रुमाल टोपीत, टोपी कोटाच्या आत.
बाहेर उणे अठरा.
टेबलावर ठेवत म्हणाला, गोठली नाही ना बघा,
अंगाच्या उबेत आणलीय.

तळाशी पांढुरक्या सालींचा गाळ,
कुणी द्राक्षं चोखून टाकावीत तसा.
"अत्बाशीत द्राक्षं पिकत नाहीत," तो म्हणाला,
"आणि मी शेवटची खाल्ली ती थोरलीच्या लग्नात."
हा विनोद नव्हता.

फाइलीत तीनदा लिहिलेलं: मुतखडा.
तिसऱ्यांदा माझ्याच अक्षरात,
घाईत, बाहेर रांग होती म्हणून.
कळ उठते, कळ जाते, काहीतरी पडतं;
खड्याशिवाय दुसरं काय पडणार?
भरपूर पाणी प्या, असं लिहून दिलं होतं.
प्याला बिचारा.

मशीन जुनं, जेल बर्फगार.
उजव्या मूत्रपिंडात एक पाण्याची पिशवी,
तिच्या पोटात लहान पिशव्या. पुस्तकं त्यांना लेकी म्हणतात.
एक भिंत फाटलेली, सुटलेला पडदा
श्वासाबरोबर हलत होता, तळ्यातल्या शेवाळासारखा.
श्वास धरा, म्हणाले. त्याने धरला,
आणि सोडा म्हणायचं मी विसरलेय
हे त्याचा चेहरा लाल झाल्यावर कळलं.

मग सवयीने वर सरकले, यकृताकडे.
आमच्या बोलीत यकृत म्हणजे बोऊर,
आणि धाकट्या भावालाही तीच हाक: बोऊरुम, माझ्या काळजा.
तिथेही एक होती.
जुनी, चुना धरलेली, अंड्याच्या टरफलासारखी,
आत जिवंत काही नाही.
हिला हात लावायचा नाही, दर वर्षी नुसतं बघायचं.
"म्हातारी आहे," तो म्हणाला. "राहू दे. खाते काय ती?"

मेंढी कापता तेव्हा फुप्फुसं, काळीज कुणाला घालता?

तो खिडकीकडे बघू लागला.
बाहेर खांबाजवळ बर्फात बसला होता अक्तोश,
छातीवर पांढरा पट्टा, एक कान अर्धा.
"वरच्या कुरणात वादळात सापडलो होतो.
हा रात्रभर अंगावर पडून राहिला,
दाढीतलं बर्फ चाटत, झोपूच देईना."
मग अगदी हळू,
"त्याच्यामुळेच ना?"

नाही म्हणता येईना, हो म्हणवेना.
कुत्रा मेंढीचं खातो, म्हणाले, मेंढी गवत खाते,
त्याच गवतावर कुत्रा बसतो.
मधेच कुठेतरी तुम्ही जेवायला बसलात, हात न धुता.
"आणि आतडी टाकतो मी," तो म्हणाला.
"मारावं लागेल त्याला?"

नारिनला बेक्तेमिर डॉक्टरांनी कापलं.
भोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी,
थेंब सांडू नये म्हणून सगळ्या खोलीने तोंड मिटलेलं.
थेंब सांडला तर पोटभर नव्या लेकी.
मूत्रपिंडाचा वरचा तुकडा गेला, खालचा राहिला.
पुढे काय, ते दोन वर्षांनी कळेल.
कदाचित पाच.

गोळ्या चरबीबरोबर घ्या, सांगितलं,
कोरड्या भाकरीशी घेतल्यात तर फुकट जातील.
तेव्हा पहिल्यांदा हसला.
"बिश्केकच्या हृदयवाल्याने शेपटीची चरबी बंद केली होती.
तुम्ही दोघं आधी आपसात ठरवा."
अक्तोशलाही गोळी, वेगळी, महिन्याला एक,
तीही चरबीच्या गोळ्यात लपवून.
आणि आतडी खड्ड्यात, वर दगड.

फाइलीतला मुतखडा मी पुसलेला नाही.
एक रेघ ओढलीय, खालचं वाचता येईल इतकी बारीक.

एप्रिलमध्ये रात्री अकराला त्याच्या बायकोचा फोन आला.
सायकाल घाबरलेली: एकाच ताटलीत दोन्ही ठेवल्या होत्या,
यांनी कुत्र्याची खाल्ली.
काही होणार नाही, म्हणाले, झोपू दे त्यांना.
फोनवर खुडबुड झाली,
मग त्याचा आवाज:
"माझं राहू द्या हो.
त्याने माझी खाल्लीय, त्याचं काय?"